तक्ता रविवारी संपला होता: एका शर्यतीनंतरचे चार आठवडे आणि पुढचं वर्ष

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या बाईंचं हे प्रकरण. त्यांच्या संमतीने लिहितो आहे, ओळख पटेल अशा काही खुणा बदलल्या आहेत. शाळेत, शेजारात आणि आमच्या धावण्याच्या गटातही सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतात, म्हणून इथेही तेच. वय ४३. घरी यजमान, सासूबाई आणि दोन मुलं. थोरला तेव्हा दहावीत होता. यजमानांची नोकरी मडकईच्या औद्योगिक वसाहतीत, शिफ्टची. म्हणजे सकाळचा डबा, धाकटीची वेणी आणि सासूबाईंची औषधं हे सगळं बाईंकडे.

मी या गटाचा सकाळचा सराव घेतो. बाई आमच्याकडे आल्या तेव्हा फर्मागुडीचा चढ चालतसुद्धा त्यांना दम लागायचा. चार वर्षांत त्या १० किमीवरून २१ किमीवर आल्या आणि मग त्यांनी पणजीतल्या मिरामारची शर्यत मनावर घेतली. समुद्रात १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि त्यावर २१.१ किमी धावणं, एकूण ११३ किमी. गोव्यात ही ‘आयर्नमॅन ७०.३’ शर्यत (७०.३ म्हणजे हेच अंतर मैलांत) २०१९ पासून होते. मिरामारला ती बघायला गेलेल्या कितीतरी जणांनी पुढे सायकल विकत घेतली. बाई त्यांतल्याच.

एप्रिल २०२४ मध्ये मी त्यांना सरावाचा तीस आठवड्यांचा तक्ता करून दिला. तो त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. झालेल्या दिवसावर त्या लाल पेनाने बरोबरची खूण करायच्या, वहीत करतात तशी. शेवटची ओळ होती ‘रविवार, २७ ऑक्टोबर: शर्यत’. तिच्याखाली कागद कोरा होता. या कोऱ्या जागेबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे.

शर्यत उत्तम झाली. साडेआठ तासांची मर्यादा असताना बाईंनी ७ तास २८ मिनिटांत पूर्ण केली. शेवटच्या वळणावर सासूबाई आरतीला वाजवतात तशा टाळ्या वाजवत उभ्या होत्या.

अडचण कशी उभी राहिली

शर्यत संपून अर्धा तासही झाला नव्हता. बाई झाडाखाली चटईवर बसल्या होत्या, गालांवर मिठाचा पांढरा थर, गळ्यात पदक, पाय वाळूत. गटातले सगळे येऊन एकच विचारत होते, “बाई, आता पुढे काय?” बाईंनी मोबाइल मागितला आणि डिसेंबरात वास्कोजवळच्या चिखलीला होणाऱ्या नदीकाठच्या मॅरेथॉनला ४२ किमीसाठी नाव घातलं. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची नोंदणी आधीच झाली होती. मी शेजारीच उभा होतो. म्हणालो, “घाला नाव. तयारी आहेच तुमची. मधले दिवस फक्त हलकं धावा.”

‘हलकं’ म्हणजे किती, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. गणिताच्या बाईंना मी आकडा न देता सोडलं, ही या प्रकरणातली माझी पहिली चूक.

चौथ्या दिवशी दिवाळी. गोव्यात नरकचतुर्दशीला पहाटे घरोघरी फोव, म्हणजे पोहे, होतात: दुधातले, ताकातले, गुळाचे, तिखट. बाई मंगळवारपासून ओट्यापाशी उभ्या होत्या. शर्यतीनंतर मांड्या-पोटऱ्यांच्या स्नायूंत बारीक बारीक इजा झालेल्या असतात. दुखणं आठवड्यात जातं, पण आतली डागडुजी पुरी व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. दुखणं थांबलं की माणसाला वाटतं, भरून आलं. बाईंनाही तसंच वाटलं.

घड्याळ वेगळं सांगत होतं. सकाळी उठल्या उठल्या त्यांची नाडी उन्हाळ्यात ५४ असायची. शर्यतीनंतर ती ६६ झाली आणि सतरा दिवसांनी, तुळशीच्या लग्नाच्या सकाळीही ६४ होती. शर्यतीनंतर दोन-चार दिवस नाडी वर राहणं समजू शकतं. दोन आठवड्यांनंतरही खाली येत नसेल, तर शरीर अजून सावरलेलं नाही. रात्री दोनला जाग यायची. वर्गात मुलांवर विनाकारण ओरडल्या आणि घरी येऊन रडल्या, हे त्यांनी नंतर सांगितलं.

मग रस्त्याची गोष्ट आली. २१ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं प्रदर्शन सुरू झालं. दहा वर्षांतून एकदा होणारा हा सोहळा, फोंडा-पणजी रस्त्यावर बसेस आणि पायी यात्रेकरूंची रीघ. बाई रविवारी बाणस्तारीवरून रायबंदरपर्यंत सायकल काढायच्या, ते गर्दीच्या भीतीने बंद केलं आणि तो वेळ धावण्यात घातला. इथे माझी दुसरी चूक. मी त्यांचे आठवड्याचे तास बघत होतो. शर्यतीआधी दहा तास, आता साडेसात. मला वाटलं, भार कमी झाला.

नंतर बसून किलोमीटर मांडले तेव्हा चित्र उलटं निघालं. शर्यतीआधी त्या आठवड्याला साधारण ३५ किमी धावत. शर्यतीनंतरचे चार आठवडे असे: ६, २२, ४१ आणि ५८. तास कमी झाले होते, पण सायकल आणि पोहणं गेल्यामुळे उरलेले जवळपास सगळे तास पायांवर आले होते. बाईंची पावलं मिनिटाला १६५ पडतात. त्या हिशेबाने ३५ किमीच्या आठवड्यात सुमारे ३९ हजार पावलं, ५८ किमीच्या आठवड्यात ६५ हजार. सायकलवर फुप्फुसं आणि मांड्या राबतात, नडगीच्या हाडाला मात्र जमिनीचा धक्का बसत नाही. हाडाला तास कळत नाहीत, धक्के कळतात.

२४ नोव्हेंबरच्या रविवारी त्या फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी आणि परत अशा फेऱ्या मारून २६ किमी धावल्या. एकोणिसाव्या किलोमीटरला डाव्या नडगीत, आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, कळ आली. त्यांनी ती अंगावर काढली. सोमवारी शाळेचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. मंगळवारी रात्री झोपेतही दुखलं. बुधवारी गटातल्या एका मैत्रिणीला सांगितलं आणि तिने मला.

तपासणी

फर्मागुडीच्या मैदानाच्या कट्ट्यावर बाईंना बसवलं आणि विचारलं, “कुठे दुखतं ते दाखवा.” त्यांनी एका बोटाचं टोक ठेवलं. नडगी दुखण्याचे दोन प्रकार आम्हाला नेहमी दिसतात. एकात माणूस तळहाताने नडगीची सगळी कड चोळून दाखवतो. ते बहुधा हाडावरच्या आवरणाचं आणि स्नायूंच्या जोडाचं दुखणं असतं, सराव कमी केला की उतरतं. दुसऱ्यात माणूस एक बोट ठेवतो. तेव्हा खुद्द हाडालाच इजा झाल्याची शंका घ्यायची. एका पायावर हलकी उडी मारायला सांगितली, तर बाईंनी मारली आणि दुसऱ्या उडीला माझा खांदा धरला. मी म्हटलं, “बाई, आजपासून धावणं बंद. हाडाच्या डॉक्टरांकडे चला.”

गुरुवारी एक्स-रे काढला. स्वच्छ आला. चिखलीची मॅरेथॉन दहा दिवसांवर होती.

या टप्प्यावर बरेच धावपटू फसतात, म्हणून इथे थोडं थांबतो. ताणाने हाडाला होणारी इजा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. हाड भरायला लागतं, नवं हाड जमतं, तेव्हा कुठे सावली उमटते. एमआरआयमध्ये आतली सूज आधीच दिसते. १८५५ साली प्रशियाच्या लष्करातले डॉक्टर ब्राइथाउप्ट यांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला आणखी ४० वर्षं होती. त्यांच्यापुढे सैनिकाची तक्रार आणि सुजलेलं पाऊल एवढंच होतं. बाईंच्या हातात मात्र स्वच्छ एक्स-रे होता आणि तो त्यांना बोटापेक्षा खरा वाटत होता. “काही नाहीये ना मग, भाऊ?” त्या म्हणाल्या. आवाजात इतकी आशा होती की नाही म्हणताना जड गेलं.

३ डिसेंबरला एमआरआय झाला. नडगीच्या हाडात, मागच्या-आतल्या कडेला सूज होती, भेग मात्र अजून पडलेली नव्हती. डॉक्टरांनी समजावलं की ही कड भरून येणारी आहे. नडगीच्या पुढच्या कडेला असं झालं असतं, तर काही महिन्यांचा आणि कदाचित शस्त्रक्रियेचा विषय होता. हाडाला सावरायला सहा ते आठ आठवडे लागतील.

त्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच मिनिटाला जे विचारलं, ते मी सात महिन्यांत विचारलं नव्हतं. पाळी नियमित येते का? बाई माझ्याकडे बघून थांबल्या, मी बाहेर गेलो. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आलीच नव्हती, ऑक्टोबरमध्ये नावाला. बाईंनी वयावर ढकललं होतं. वजन एप्रिलमधल्या ५८ किलोवरून ५४ झालं होतं आणि आम्ही सगळे त्यांना “बारीक झालात, छान” म्हणत होतो. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ११.२ (बायकांसाठी १२ च्या खाली रक्तक्षय धरतात), शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९ (१५ च्या खाली साठा रिता) आणि ड जीवनसत्त्व १७. वर्षभर ऊन असलेल्या गोव्यात ड जीवनसत्त्व कमी कसं, असं मला वाटलं. पण बाई उजाडायच्या आत धावत होत्या आणि ऊन असेपर्यंत शाळेत होत्या.

जितकं खर्च होतं तितकं पोटात जात नसेल, तर शरीर आधी पाळी आवरतं, मग हाडांवरची डागडुजी. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला नाव दिलं. खेळातली ऊर्जातूट म्हणता येईल तिला. बाईंचा दिवस बघा. पहाटे सव्वाचारला कोरा चहा, दीड तास सराव, मग डबे, अंघोळ, दोन पोळ्यांतली एक उभ्याने खाऊन शाळा. खरं पहिलं जेवण दुपारी दीडला. कोणी त्यांना उपाशी ठेवत नव्हतं, त्यांना बसायलाच वेळ नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बाईंचा: चिखलीला ४२ ऐवजी २१ किमी, नाही तर १० तरी, चालत-धावत. पैसे भरलेले, गटातले अकरा जण जाणार, शाळेतही सांगून झालं होतं. मी तो सरळ नाकारला. भेग नसलेल्या हाडाला भेग पाडायला १० किमीसुद्धा पुरतात.

दुसरा पर्याय यजमानांचा: तीन महिने सगळं बंद. त्यांची काळजी खरी होती. “रोज चारला उठतेस, झोपतेस कधी?” हा प्रश्न ते वर्षभर विचारत होते. पण डॉक्टरांच्या मते पोहायला हरकत नव्हती आणि दुखलं नाही तर तिसऱ्या आठवड्यापासून घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) सायकलही. चार वर्षांत बाईंनी स्वतःचा म्हणून एकच तास मिळवला होता. तोही काढून घेतला, तर बाई आतून खचतील असं मला वाटलं.

तिसरा, आम्ही घेतलेला: धावणं आणि उड्या बंद, पोहणं चालू, आणि पहिलं काम खाणं. चिखली रद्द.

मुंबईचं काय? शर्यत १९ जानेवारीला, म्हणजे एमआरआयपासून सात आठवडेही नाहीत. उत्तर उघड होतं. बाईंनी विचारलं तेव्हा मात्र मी म्हणालो, “बघू.” एकाच दिवशी दोन शर्यती हातातून काढून घेणं मला जिवावर आलं. गाडीची तिकिटं तशीच ठेवली.

प्रत्यक्षात काय केलं

‘बघू’चा परिणाम दोन आठवड्यांनी दिसला. १८ डिसेंबरला पहाटे बाई कुणालाही न सांगता धावायला गेल्या. चालताना दुखत नव्हतं, मुंबईला महिना उरला होता, स्वतःला आजमावून बघू म्हणाल्या. चार किलोमीटरनंतर तीच जागा, तेच बोट. सहा आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण दार मी उघडं ठेवलं होतं, त्या त्यातून गेल्या. त्याच संध्याकाळी मुंबईची तिकिटं रद्द केली. बाई म्हणाल्या, “आता बरं वाटतंय. रोज मनात हिशेब चालायचा.”

खाण्यात जे बदल केले, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि घरात असेल त्यातूनच. लोहाची गोळी दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर. चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर नाही, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. सरावाआधी केळं, नाही तर नाचणीचं तिझान (गोडसर पेज). सराव झाला की आधी खाणं, मग डबे. उकड्या तांदळाची पेज, अळसांद्याची उसळ, अंडी. रविवारी बाजारात मिळाल्या तर तिसऱ्या (शिंपल्या). सगळ्यात मोठा बदल साधा होता. यजमानांनी पहिल्या शिफ्टचे आठवडे सोडून सकाळचे डबे आपल्याकडे घेतले आणि बाई खुर्चीवर बसून नाश्ता करू लागल्या.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांचा प्रश्न नाजूक होता. बाई लग्न झाल्यापासून हे व्रत करतात, संध्याकाळपर्यंत उपाशी राहून. मी त्यावर बोलणं बरं नव्हतं आणि बोललोही नाही. डॉक्टरांचा कागद सासूबाईंनी वाचून घेतला आणि पहिल्या गुरुवारी त्यांनीच सांगितलं, “पूजा तू कर. उपास यंदा मी धरते. तू जेव.”

धावणं २ फेब्रुवारीला सुरू झालं. आधी पाच दिवस सलग अर्धा तास भरभर चालून काही दुखत नाही याची खात्री केली. मग एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, सहा वेळा, दिवसाआड, सपाट रस्त्यावर. त्यासाठी आठवड्यातून एकदा मुद्दाम रायबंदरच्या जुन्या बांधरस्त्यावर जायचो. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात खारफुटीतून बांधलेला तो तीनेक किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी, चढ नावालाही नाही. धावताना, त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी अशी तिन्ही वेळा त्या जागेवर बोट दाबून बघायचं. तिन्ही वेळा काही नसेल, तरच पुढची पायरी. आधी वेळ वाढवायचा, वेग शेवटी. सलग अर्धा तास धावायला २३ मार्च उजाडला.

पुढच्या वर्षाची आखणी

तक्ता या वेळी आम्ही तिघांनी बसून केला: बाई, यजमान आणि मी. आधी शाळेचं आणि घरचं कॅलेंडर मांडलं, त्यावर सराव. २०२४ चा तक्ता मी उलटा केला होता, सराव आधी आणि घर उरलेल्या फटींत. त्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यातही मी लांब सायकल लिहिली होती. गोव्यात चवथ म्हणजे काय, हे मला माहीत नाही असं नाही. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट), नेवऱ्या, पंधरा पाहुण्यांचं जेवण, आणि बाई तीनला उठून सायकलवर. २०२५ ला चवथ २७ ऑगस्टला होती. तो पूर्ण आठवडा तक्त्यात ‘सराव नाही’ असा लिहिला. उभ्याने केलेलं घरकाम हाही भारच, तो मोजायला मी या प्रकरणातून शिकलो.

मार्च थोरल्याच्या दहावीचा, म्हणून हलका. या वेळी हलकं म्हणजे आठवड्याला चार तास, असं आकड्यात. एप्रिल मोकळा धरला होता, तो हुकला. गोव्यात त्या वर्षी नवं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं आणि बाई सुट्टीऐवजी वर्गात होत्या. महिनाभराचा सायकलचा पाया गेला. तो मे महिन्यात ओढून-ताणून भरायचा मोह झाला, बाईंनाच आधी. आम्ही तो भरला नाही, सगळा तक्ता महिनाभर पुढे सरकवला. जून ते सप्टेंबर समुद्र पोहण्यासाठी बंद, रस्त्यांवर खड्डे आणि गुरं, म्हणून सायकल घरात ट्रेनरवर आणि पोहणं तलावात. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली, एका पायावर बैठका. हाड वाचवायचं तर पोटरी दणकट हवी.

मोठी शर्यत एकच, ९ नोव्हेंबर २०२५, मिरामार. प्रत्येक सरावानंतर बाई मिनिटं गुणिले श्रमाचे गुण (० ते १०) असा आकडा वहीत लिहीत. त्याशेजारी दुसरी ओळ फक्त धावण्याच्या मिनिटांची, कारण एकूण आकड्याने आम्हाला एकदा फसवलं होतं.

पाळीबद्दल विचारायचं कसं, हा प्रश्न माझ्यापुढे बरेच दिवस होता. आता गटातली एक परिचारिका बायकांशी महिन्यातून एकदा स्वतंत्र बोलते. मला तपशील कळत नाही, फक्त ‘यांचा भार कमी करा’ एवढा निरोप येतो. पहिल्याच महिन्यात दोन निरोप आले. म्हणजे बाई एकट्या नव्हत्या.

निष्पत्ती

फेब्रुवारीपासून बाईंची पाळी नियमित झाली. फेरिटिन मार्चमध्ये २४, सप्टेंबरमध्ये ४१. हिमोग्लोबिन १२.९. वजन ५७ वर स्थिरावलं. नडगी पुन्हा दुखली नाही.

९ नोव्हेंबरची शर्यत त्यांनी ७ तास ४१ मिनिटांत पूर्ण केली, आधीच्या वर्षीपेक्षा तेरा मिनिटं जास्त. सायकल मंद झाली, एप्रिलची तूट तिथे दिसली. बाईंना ते लागलं, हेही खरं. दोन दिवस त्या वेळेबद्दल बोलल्या नाहीत.

नाडी शर्यतीनंतर ६३ वर गेली आणि आठव्या सकाळी ५५ वर आली. झोप अजून साडेपाच तासच आहे. तो प्रश्न आम्हाला सुटलेला नाही. दहावी संपली की सुटेल असं वाटलं होतं, पण आता धाकटीची शिकवणी आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बाईंना इजा नेमकी कशामुळे झाली? अपुरं खाणं, रिता झालेला लोहाचा साठा, अचानक वाढलेली पावलं, दिवाळीचं उभं राहणं, यांतलं एकच कारण बोट ठेवून सांगता येत नाही. पण थांबायच्या जागा सांगता येतात. शर्यतीनंतरची सतराव्या दिवसाची नाडी ही पहिली. त्या सकाळी मी घड्याळाचा आकडा मागितला असता, तर पुढचे दोन लांब पल्ले झालेच नसते. दुसरी जागा एप्रिलमधली रक्ततपासणी, जी आम्ही केलीच नाही. आता लांब पल्ल्याचा तक्ता घेणाऱ्या प्रत्येकाला ती आधी करायला सांगतो. वजन चार किलो उतरलं तेव्हा कौतुकाऐवजी “जेवता काय?” असं विचारायला हवं होतं. आणि ३ डिसेंबरला दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मुंबई रद्द म्हणायला हवं होतं. ते ऐकून बाई त्या दिवशी रडल्या असत्या. जानेवारीत मात्र धावल्या असत्या.

चिखली रद्द केल्याचा मला एक क्षणही पस्तावा नाही. पोहणं चालू ठेवल्याचाही नाही.

नवा तक्ता ९ नोव्हेंबरला संपला नाही, ७ डिसेंबरपर्यंत गेला. पहिला आठवडा धावणं नाही, चालणं आणि गुरुवारी वीस मिनिटं पोहणं. दुसरा आठवडा तीनदा अर्धा तास, बोलता येईल अशा वेगाने. १० किमीच्या वर काहीही चौथ्या आठवड्याआधी नाही. आणि एक ओळ बाईंनी स्वतः लाल पेनाने घातली: ‘२१ दिवस कुठेही नाव घालायचं नाही.’

या वेळी मिरामारला झाडाखाली बसल्या असताना लोकांनी “पुढे काय?” विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “एकवीस दिवसांनी सांगते.” आणि थोरल्याने आणलेल्या डब्यातले ताकातले फोव खाऊ लागल्या. बाविसाव्या दिवशी, १ डिसेंबरला, त्यांचा फोन आला. २०२६ मध्ये मिरामार नाही, फेब्रुवारीत एक २१ किमी आणि बस. धाकटीला पोहायला शिकवायचं आहे, पावसाळ्याआधी.